शिल्लक शून्य

पतसंस्थांच्या हिशेबाचं सॉफ्टवेअर करणाऱ्या आमच्या लहानशा कंपनीत, स्टेबल आवृत्तीत कुठली दुरुस्ती घ्यायची आणि कुठली नाही हे ठरवायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा मी ते माझ्या विद्वत्तेचं फळ समजलो. मार्च तोंडावर आलेला असताना सेल्स, सपोर्ट आणि ग्राहक अशा तिन्ही बाजूंनी शिव्या खायची ही जागा आहे आणि बाकीच्यांनी ती शिताफीने चुकवली आहे, हे ध्यानात यायला बराच काळ गेला. तोवर मी नावाची पाटी करून घेतली होती.

काम ऐकायला सोपं आहे. सॉफ्टवेअरच्या एका वेळी दोन आवृत्त्या नांदत असतात. एक नवी, जिच्यावर रोज काम चालतं आणि जी रोज कुठेतरी मोडते. दुसरी स्टेबल, जी ग्राहकांच्या शाखाशाखांत चालू असते आणि जिच्यावर कॅशियर, मॅनेजर, पिग्मी एजंट यांचं पोट असतं. बग सापडला की तो आधी नव्या आवृत्तीत दुरुस्त करायचा आणि मग त्यातल्या निवडक दुरुस्त्या जुनीत आणायच्या, म्हणजे बॅकपोर्ट करायच्या. सगळ्याच का नाही आणायच्या? तर दुरुस्ती हासुद्धा माणसाने लिहिलेला कोडच असतो, आणि माणसाने लिहिलेल्या कोडात काय काय असतं ते आपण रोज बघतोच. शिवाय काउंटरवरच्या माणसाला नवं काही नको असतं. काल जिथे बटण होतं तिथेच आज हवं. ते चुकीच्या जागी आहे हे त्याला केव्हाच कळलेलं असतं आणि त्याचा हात आता आपोआप तिथे जातो. हे सगळं आमच्या मालकांनी मला पहिल्याच दिवशी समजावून सांगितलं. मी मान डोलावली. मान डोलावण्यात माझा हात धरणारा कोणी नाही.

मग मी अभ्यासाला लागलो. लिनक्सच्या कर्नेलची, म्हणजे गाभ्याची, स्टेबल मालिका २००५ सालापासून चालू आहे. ग्रेग क्रोआ-हार्टमन आणि ख्रिस राइट यांनी ती सुरू केली, आणि तिच्यात काय घ्यायचं याचे नियम थोडक्या जागेत मावतात. पॅच, म्हणजे दुरुस्ती, उघड उघड बरोबर असावा आणि तपासलेला असावा. आजूबाजूच्या ओळी धरून शंभर ओळींच्या वर नको. एका पॅचने एकच गोष्ट दुरुस्त करावी. तो आधी लिनक्सचे जनक लिनस यांच्या मुख्य आवृत्तीत गेलेला असावा. बग खरा असावा, लोकांना त्रास देणारा असावा. ‘असं झालं तर कदाचित तसं होईल’ या जातीचा नको. आणि स्पेलिंग सुधारणं, मोकळ्या जागा नीटनेटक्या करणं असल्या किरकोळ गोष्टी तर नकोतच. हे पान मी मराठीत उतरवलं, मोठ्या अक्षरात छापलं, लॅमिनेट केलं आणि पाण्याच्या कूलरवर चिकटवलं. पाणी पिताना माणसाच्या डोळ्यांना काही काम नसतं, तेवढ्यात तो वाचेल असा माझा होरा. लोक घरून बाटल्या भरून आणू लागले.

आदर्श म्हणून मी थेट डोनाल्ड कनूथ यांना निवडलं. त्यांच्या ‘टेक’ या अक्षरजुळणीच्या प्रोग्रॅमचा आवृत्तीक्रमांक दर दुरुस्तीला एकेका अंकाने पायच्या जवळ सरकतो. २०२१ साली तो ३.१४१५९२६५३ वर पोचला. आपल्यानंतर तो कायमचा पाय करावा आणि उरलेल्या बगना बग न म्हणता वैशिष्ट्यं म्हणावं, असं त्यांनी सांगून ठेवलंय. पुस्तकांतली चूक दाखवणाऱ्याला ते २००८ पर्यंत २ डॉलर ५६ सेंटचा चेक पाठवायचे आणि लोक तो न वटवता फ्रेम करून ठेवायचे. मी आमच्या टेस्टिंगवाल्यांना बगमागे एक वडापाव जाहीर केला. वडापाव फ्रेम करता येत नाही. आठवडाअखेरीस मालकांनी कँटीनचं बिल बघून योजना बंद केली.

मंगळवारी दुपारी माझी बैठक भरायची. सेल्सवाल्याला एका संस्थेच्या पावतीवरचा लोगो दोन मिलिमीटर उजवीकडे हवा होता.

“सर, दोनच मिलिमीटर!”

“त्रास कोणाला होतोय?”

“चेअरमनना.”

“नियमात लोक म्हटलंय. चेअरमन म्हणजे लोक नव्हेत.”

सपोर्टवाल्याने पासबुक छपाईचा पॅच आणला. पान भरत आलं की एक ओळ नेमकी मधल्या घडीवर छापली जायची. दुरुस्ती तीन ओळींची. मी खोदून विचारलं तेव्हा कळलं, काही शाखांत लोकांनी पासबुकाखाली जाड पुठ्ठा सरकवून ती ओळ केव्हाच जागेवर आणली आहे. दुरुस्ती गेली असती तर या पुठ्ठेवाल्यांची ओळ घडीवर आली असती. मी नाही म्हटलं. हा निर्णय बरोबर होता. लेखाच्या सोयीसाठी तो सांगायला नको होता, पण आयुष्यात असले इतके थोडे असतात की एखादा मधेच डोकावला तर हाकलवत नाही.

मग त्या वर्षीच कॉलेजातून आलेली एक मुलगी बोलायला लागली.

“सर, मुदत ठेवीची मुदतपूर्ती काढताना आपण नुसता सालात एक मिळवतो. २९ फेब्रुवारीला वर्षाची ठेव ठेवली तर पुढच्या वर्षीची २९ फेब्रुवारी येते. ती तारीखच नसते.”

“आज तारीख काय?”

“पाच डिसेंबर.”

“आज कोणाला त्रास होतोय?”

“आज नाही, पण पुढचं २०२४ लीप...”

“पण आलं की कदाचित आलं,” असं म्हणून मी पेनाने कूलर दाखवला. शिवाय तिचा पॅच शंभर ओळींच्या बराच वर होता. तारखेचं गणित आमच्याकडे जागोजागी वेगवेगळं लिहून ठेवलेलं; तिने ते एकत्र आणून एकदाच नीट केलं होतं. म्हणजे एकाच पॅचमध्ये दोन गोष्टी. दोन नियम मोडले. तिने सांगून पाहिलं की २०१२ साली मायक्रोसॉफ्टचं अझुर नेमकं याच कारणाने २९ फेब्रुवारीला आडवं झालं होतं, प्रमाणपत्राची मुदत काढताना त्यांनीही सालातच एक मिळवला होता.

“आपण मायक्रोसॉफ्ट नाही,” मी म्हणालो. हे अभिमानाने म्हणालो की खेदाने, याची नोंद बैठकीच्या इतिवृत्तात नाही.

त्याच आठवड्यात दैवाने मला आणखी फुगवलं. डेबियन या लिनक्स प्रणालीची १२.३ ही आवृत्ती ९ डिसेंबर २०२३ ला यायची होती, ती ऐन वेळी रोखावी लागली. तिच्यातल्या ६.१.६४ कर्नेलमध्ये ईएक्सटी४ या फाइल सिस्टिमवरचा डेटा खराब करू शकेल असा बग निघाला. आणि तो आला कुठून, तर एका दुरुस्तीतून. नव्या कर्नेलमधला तो पॅच आधीच्या दुसऱ्या एका बदलावर अवलंबून होता. स्टेबलमध्ये पॅच तेवढा आला, तो बदल आलाच नाही. नवरी मंडपात आणि मंगळसूत्र मागच्या गाडीत. दुसऱ्याच दिवशी सुधारलेल्या कर्नेलसह थेट १२.४ आली आणि १२.३ अशी मधल्या मधे विरून गेली.

सोमवारी मी ऑफिसात शिरलो तो निवडून आल्यासारखा. सगळ्यांना उभं करून ही कथा सांगितली. मग ओघात डेबियनचीच २००६ सालची ओपनएसएसएलची कथा सांगितली. एक तपासणी साधन दोन ओळींबद्दल कुरकुर करत होतं म्हणून कोणीतरी सद्हेतूने त्या ओळी बंद केल्या, आणि गुप्त किल्ल्या बनवण्यासाठी लागणारा यादृच्छिकपणाच त्याबरोबर गेला. उरला फक्त प्रोसेसचा क्रमांक, म्हणजे ३२,७६८ शक्यता. एवढ्या किल्ल्या तर कोणीही एका दुपारी करून बघावं. हे मे २००८ मध्ये उघडकीस येईपर्यंत जगभरचे सर्व्हर असल्या किल्ल्यांनी बंद होते, म्हणजे उघडेच होते.

“तात्पर्य काय?” मी विचारलं.

“सर, हे दोन्ही पॅच तसे लहानच होते ना?” ती मुलगी म्हणाली.

“चला, कामाला लागा,” मी म्हणालो.

आमच्या दैनिक अहवालात खात्यांच्या यादीवर एक स्तंभ आहे, शिल्लक. त्याच्या डोक्यावर मात्र ‘शिल्ल्क’ असं छापलेलं होतं. पूर्वी कधीतरी मजकूर जुन्या फाँटमधून युनिकोडमध्ये आणताना दुसऱ्या ‘ल’चाही पाय मोडला आणि तो तसाच लंगडत शाखाशाखांत फिरत राहिला. कोणाचीही तक्रार नव्हती. एका रविवारी हा अहवाल माझ्या लॅपटॉपवर उघडा असताना आई चहा घेऊन आली. आई निवृत्त मराठी शिक्षिका. तिने चष्मा वर केला, स्क्रीनकडे बघितलं आणि म्हणाली, “हे तुमच्या कंपनीतून बाहेर जातं?” मग चहा ठेवून गेली.

त्या रात्री मी पॅच लिहिला. एक हलंत उडवायचा. लिहिला कसला, खोडला.

मंगळवारी तो विषय मी यादीत सर्वांत शेवटी ठेवला, लोकांना घरी जायची घाई असते तेव्हा. सूचक मी, अनुमोदक मी, तपासनीस मी, अध्यक्ष तर मीच. ओळी? एक. उघड उघड बरोबर? शब्दकोश काढून बघा. तपासलंय? बघितलं ना. लोकांना त्रास होतो का? होतो, लोकांचं नाव सांगायला मी बांधील नाही. राहता राहिला स्पेलिंगचा नियम. तर तो स्पेलिंगविषयी होता, हे शुद्धलेखन. अर्जावर मी वर्गवारी टाकली, ‘दर्शनी मजकुरातील गंभीर दोष’. मुलीने कूलरकडे बघितलं. मी खिडकीबाहेर बघितलं.

जानेवारीत आवृत्ती गेली. तिच्यात घेतलेले पॅच इतके थोडे होते की माहितीपत्रकावर ते वरच्या चार बोटांत मावले. मी ते आईला दाखवलं.

आवृत्ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी, शाखा उघडायच्या सुमाराला, कोल्हापूरकडच्या एका संस्थेतून फोन आला. एरवी तो सपोर्टने घेतला असता, पण त्यांनी तो जोडून दिला माझ्याकडे, आणि जोडताना हसल्याचा आवाज आला असं मला आजही वाटतं.

“सायेब, शिल्लक गेली की ओ.”

“गेली म्हणजे?”

“गेली म्हंजे गेली. समद्यांची शून्य. तुमी रात्री काय केलंय काय?”

“आम्ही काही केलं नाही हो. फक्त शुद्धलेखन सुधारलं.”

पलीकडे जरा वेळ नुसता पंख्याचा आवाज.

“मग पैशे कुटं गेले?”

पैसे कुठेही गेले नव्हते. डेटाबेसमध्ये पैन् पै जागेवर होती. झालं होतं ते असं. त्या संस्थेत पूर्वी एक हुशार अकाउंटंट होऊन गेले. त्यांनी एक्सेलमध्ये एक शीट करून ठेवलं होतं. रोज सकाळी आमचा अहवाल त्यात ओतायचा की एजंटवार बेरजा, शाखावार बेरजा आणि खातेदारांची यादी तयार. शीटमधला मॅचचा फॉर्म्युला स्तंभ शोधायचा तो मथळ्यावरून, आणि मथळा त्यांनी जसा दिसला तसा अक्षर न् अक्षर उतरवून घेतला होता: शिल्ल्क. आता तो सापडेना. सापडला नाही तर एक्सेल एरर दाखवतं, ती दिसायला बरी दिसत नाही, म्हणून त्या नीटनेटक्या माणसाने बाहेरून इफएरर लावून ठेवलं होतं: काही न मिळाल्यास शून्य दाखवावे. ते दाखवत होतं. प्रत्येकासमोर, उजवीकडून सरळ रेषेत, दोन दशांश स्थळांपर्यंत.

ही यादी छापून मॅनेजरच्या टेबलावर ठेवायची पद्धत. मॅनेजर यायच्या आधी ती एका पिग्मी एजंटाने बघितली. पिग्मी एजंट म्हणजे रोजची बचत गोळा करत दिवसभरात निम्म्या बाजारपेठेच्या दुकानांची पायरी चढणारा माणूस. तो कोणालाच काही बोलला नाही म्हणतात. फक्त त्या दिवशी त्याने गोळा करायचं थांबवलं. तेवढं पुरलं. पतसंस्थेच्या दारात पासबुकं घेऊन माणसं जमायला लागली की पुढे काय काय होतं, हे महाराष्ट्रात कोणाला समजावून सांगायला नको. मॅनेजर बिचारे पायरीवर उभं राहून सांगत होते की शिल्लक आहे, नुसती दिसत नाहीये. याने कोणाचं समाधान झाल्याचं ऐकिवात नाही.

“तुम्हाला स्तंभावर ‘शिल्लक’ लिहिलेलं दिसतंय का?” मी फोनवर विचारलं.

“दिसतंय की.”

“मग शीटमध्ये जाऊन तसंच करून टाका.”

“शीटला पासवर्ड हाय. त्यो अकाउंटंटसायबांना ठावं. ते मुलीकडं गेल्यात अमेरिकेला, तितं आता रात्र हाय. तुमी आमची जुनी शिल्लक द्या, म्हंजे झालं.”

तासाभरात मी माझ्या हाताने तो हलंत परत टाकला. बदलाचं कारण लिहायच्या रकान्यात ‘जाणीवपूर्वक अशुद्ध केले’ असं लिहिलं. दुपारपर्यंत त्याच शीटची नक्कल वापरणाऱ्या आणखी शाखांचे फोन आले होते. अकाउंटंटसाहेब हौशी असावेत. त्यांनी ते शीट ओळखीपाळखीत वाटलं होतं.

नंतर मी सांत्वनासाठी वाचन केलं. गूगलमध्ये काम करताना हायरम राइट या अभियंत्याने एक निरीक्षण नोंदवलं, ते त्याच्या नावाने नियम म्हणून चालतं: वापरणारे पुरेसे असले की तुमच्या सॉफ्टवेअरच्या प्रत्येक दिसणाऱ्या वागण्यावर कोणी ना कोणी विसंबलेलं असतं, कागदावर तुम्ही काहीही कबूल केलेलं असो. वेबच्या एचटीटीपीमध्ये, आपण कुठल्या पानावरून आलो ते सांगणारा ‘रेफरर’ नावाचा मथळा आहे. इंग्रजीत त्यात जिथे दोन ‘आर’ हवेत तिथे एकच पडला, तो १९९६ च्या आरएफसीत, म्हणजे एचटीटीपीच्या तांत्रिक दस्तऐवजात, तसाच छापला गेला आणि आजही प्रत्येक ब्राउझर तो तसाच चुकीचा पाठवतो. युनिक्समध्ये फाइल तयार करायच्या आज्ञेच्या शेवटी ‘ई’ नाही. पुन्हा युनिक्स करायचं झालं तर काय बदलाल, असं केन थॉम्प्सनना विचारलं, तर म्हणाले, तो ‘ई’ घालेन. युनिक्समध्ये मात्र तो कोणीच घातला नाही. ही माणसं माझ्याहून थोर होती हे मला आधी ठाऊक होतं. त्यांच्या घरी मराठीच्या शिक्षिका नव्हत्या, हेही ध्यानात घ्यायला हवं.

फेब्रुवारी आला. मी त्या महिन्यात कॅलेंडरकडे फारसं बघितलं नाही.

सांगलीकडच्या आमच्या एका ग्राहक संस्थेचे चेअरमन २९ फेब्रुवारीचे. मोरारजी देसाईही त्याच तारखेचे, हे ते भेटेल त्याला सांगतात. वाढदिवस चार वर्षांतून एकदा येत असल्यामुळे संस्था चारही वर्षांची हौस एकदम भागवते. या वेळी मुख्य शाखेपुढे मांडव, केळीचे खांब, आणि वाढदिवसानिमित्त खास ठेव योजना: मुदत बरोबर एक वर्ष, त्या एकाच दिवशी खुली. पहिली ठेव चेअरमनांच्या मातोश्रींची. गुरुवार होता. अकराच्या सुमाराला मातोश्रींचा चेक कॅशियरच्या हाती देण्यात आला, फोटोग्राफर खुर्चीवर चढला, ऑपरेटरने एंटर दाबलं, आणि स्क्रीनवर ठळक अक्षरांत आलं: ‘अवैध तारीख’.

सेल्सवाला तिथे हार घेऊन हजर होता. त्याच्या फोनवरून मला आधी सनई ऐकू आली, मग तो.

“सर, चेअरमन विचारतायत, त्यांचा वाढदिवस अवैध कसा?”

मी सुचवलं की आजची ठेव कालच्या तारखेने घाला. काल दिवसअखेर होऊन गेली होती. मी सुचवलं की मुदत वर्षाऐवजी तीनशे पासष्ट दिवस टाका. योजना वर्षाची, व्याजदर वर्षाचा. दिवसांत टाकली की तो दर लागत नव्हता. मी सुचवलं की उद्या घ्या. त्यावर त्याने फोन कोणाकडे तरी द्यायची तयारी केली तेव्हा मी म्हणालो, दहा मिनिटं थांब.

मुलगी तिच्या जागेवर होती. तिने तो पॅच डिसेंबरपासून दर आवृत्तीवर बसवून, तपासून, तयार ठेवला होता. चाचण्यांची यादीही जोडलेली होती, १९०० साल लीप नव्हतं इथपर्यंत. शंभर ओळींच्या बराच वर, एकात दोन गोष्टी. मंजुरीच्या खिडकीत माझं नाव आलं आणि मी न वाचता हो दाबलं. मांडवात तोवर हाताने लिहिलेल्या पावत्या वाटणं चालू होतं. जेवणवेळेपर्यंत सगळ्या ठेवी आत गेल्या, मुदतपूर्ती २८ फेब्रुवारी २०२५, आणि मातोश्रींचा फोटो दुसऱ्यांदा निघाला.

‘मी म्हटलं नव्हतं?’ असं ती म्हणाली नाही. उठून कूलरपाशी गेली आणि ग्लासभर पाणी सावकाश प्यायली.

मार्चअखेर पार पडल्यावर मालकांनी मला बोलावून माझ्या अनुभवाची कंपनीला ‘दुसरीकडे’ गरज असल्याचं सांगितलं. कुठे ते अजून ठरलेलं नाही. काम तिच्याकडे गेलं. माझं लॅमिनेट तिने काढलं नाही, फक्त ‘त्रास कोणाला?’ याच्या पुढे स्केचपेनने ‘आणि कधी?’ असं लिहिलं. पावतीवरचा तो लोगो तिने दोन मिलिमीटर उजवीकडे नेला. एरवी ती माझ्यापेक्षा जास्त वेळा नाही म्हणते, फरक एवढाच की आधी एक फोन करते, ज्याचं सॉफ्टवेअर आहे त्याला नाही, जो ते वापरतो त्याला. अकाउंटंटसाहेबांशी तर तिची ओळखच झाली आहे. त्यांनी तिला शीटचा पासवर्ड दिला, तरीही तिने मथळा बदललेला नाही.

मध्यंतरी माझा एक पॅच तिच्या रांगेत गेला. आमच्या अहवालात ‘श’ आणि ‘ल’ हिंदी वळणाचे छापले जातात. आमच्या फाँटमध्ये मराठी वळणही आहे. मजकुराची भाषा मराठी आहे एवढं प्रोग्रॅमने सांगितलं की ते आपोआप लागतं. एका ओळीचा बदल. अक्षरं तीच राहतात, फक्त आकार बदलतो, त्यामुळे एक्सेलला पत्तासुद्धा लागणार नाही. आणि ‘शिल्ल्क’ या एका शब्दात एक ‘श’ आणि दोन ‘ल’ आहेत, म्हणजे अशुद्ध तर अशुद्ध, निदान मराठीत तरी दिसेल. आईने दोन्ही नमुने बघून लगेच कौल दिला.

मुलीने पॅच परत पाठवला: “सर, कोणाला त्रास होतोय? ग्राहकाचं नाव हवं.”

आई ग्राहक नाही ही अडचण आहे. आमचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्या एका संस्थेची शाखा मात्र घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. चौकशी केली. आधार, पॅन, दोन फोटो आणि ओळखीला एक खातेदार मिळाला की नाममात्र सभासद करून घेतात. ओळखीचा खातेदार शोधतो आहे.